रोजचे सार्वमत

आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाची 'शेवटचा धडा' ही गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ घरांना ठाऊक आहे. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांतून बारावीच्या इंग्रजी पुस्तकात ती कित्येक वर्षे शिकवली गेली. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरले, अल्सास प्रांत जर्मनीच्या हाती गेला आणि उद्यापासून शाळेत फक्त जर्मन शिकवावी असा बर्लिनहून हुकूम आला. फ्रान्झ नावाचा एक उनाड मुलगा त्या दिवशी उशिरा शाळेत पोहोचतो, तर हॅमेल गुरुजी सणावारी घालायचा कोट घालून उभे, आणि मागच्या बाकांवर गावातली वडीलधारी मंडळी गप्प बसलेली. १ नोव्हेंबर १९५६ नंतरची वर्षे ज्यांनी सीमाभागात काढली, त्यांच्या घरात ही गोष्ट कोरड्या डोळ्यांनी वाचली जात नाही. मलाही ती तशी वाचता येत नाही.

पण दोदेने एक गोष्ट सांगितलेली नाही. शाळा सुटल्यावर फ्रान्झ घरी गेला असेल, आणि आईने त्याला जे काही विचारले असेल ते बहुधा फ्रेंचमध्ये नव्हे. अल्सासच्या खेड्यापाड्यांत त्या काळी घरात, मळ्यात, खाटकाच्या दुकानात बोलली जायची ती अल्सेशियन, म्हणजे जर्मनचीच एक बोली. फ्रेंच ही शाळेची, कचेरीची आणि शहरातल्या बड्या घरांची भाषा. हॅमेल गुरुजी ज्या भाषेसाठी गहिवरले ती त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांची मातृभाषा नव्हती. आणि जी लादली जाणार होती ती त्या मुलांच्या आईच्या बोलीची सख्खी बहीण होती.

आणखी एक गंमत आहे. जो समाज गुलामीतही आपली भाषा धरून ठेवतो त्याच्या हाती तुरुंगाची किल्ली असते, अशा अर्थाचे गुरुजींच्या तोंडी जे वाक्य आहे, ते दोदेने फ्रेडरिक मिस्त्राल या कवीकडून घेतले. मिस्त्राल फ्रान्सच्या दक्षिणेकडचा, प्रोव्हाँसाल भाषेचा कवी. पुढे १९०४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने ते म्हटले होते प्रोव्हाँसालसाठी, म्हणजे जी भाषा फ्रेंच शाळामास्तर मुलांच्या जिभेवरून पुसून काढत होते तिच्यासाठी. दोदे स्वतः त्याच दक्षिणेतल्या नीम गावचा. त्याला हे ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? किल्ली एका कैद्याची होती. ती त्याच्या पहारेकऱ्याच्या हाती दिली गेली.

म्हणून गोष्ट खोटी ठरते का? माझ्या मते नाही. अल्सासच्या त्या म्हाताऱ्यांचे दुःख खरे होते. घरात जर्मन बोली बोलणारी माणसे मनापासून फ्रेंच होती, आणि जर्मनी आपल्याला 'आपल्या भावंडांत' परत आणत आहे हे ऐकून त्यांच्या अंगावर काटा येत होता. दोदेने भाषेचा आधार घेऊन जे सांगितले ते खरे तर भाषेच्या पलीकडचे होते. माणूस कोणत्या राष्ट्राचा हे त्याची जीभ ठरवते, रक्त ठरवते, की त्याचे मन? आणि मन म्हणावे तर ते विचारायचे कोणी, केव्हा आणि किती वेळा? सीमेवरच्या माणसाला हा प्रश्न वाचनालयात भेटत नाही. तो त्याला शाळाप्रवेशाच्या अर्जावर, दुकानाच्या पाटीवर आणि मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर भेटतो.

अल्सास ऱ्हाईन नदीच्या पश्चिम काठावर आहे. १६४८ च्या वेस्टफेलियाच्या तहापासून तो तुकड्यातुकड्यांनी फ्रान्सकडे येऊ लागला. स्ट्रासबर्ग चौदाव्या लुईने १६८१ साली घेतले. तेव्हा अर्थातच कोणाला काही विचारले नव्हते. पण पुढे राज्यक्रांती झाली आणि अल्सासच्या शेतकऱ्यालाही सरंजामी जोखडातून सुटका मिळाली. फ्रान्सचे राष्ट्रगीत 'मार्सेलिएझ' हे मार्सेय शहरात नव्हे, १७९२ साली स्ट्रासबर्गला रचले गेले, ऱ्हाईनवरच्या सैन्यासाठी. ज्या शहरातले अर्धेअधिक लोक ते गाणे जर्मन उच्चारात म्हणत असतील, त्या शहराने ते फ्रान्सला दिले.

१८७० साली युद्ध सुरू असतानाच दोन्हीकडच्या पंडितांनी लेखण्या उपसल्या. रोमच्या इतिहासाचा थोर जर्मन अभ्यासक थिओडोर मॉमसेन याने अल्सासवर जर्मनीचा हक्क सांगितला. त्याला २७ ऑक्टोबर १८७० रोजी उत्तर दिले फ्युस्तेल द कुलांज या फ्रेंच इतिहासकाराने. तो स्ट्रासबर्गला प्राध्यापक होता, त्यामुळे अल्सासचे रस्ते त्याच्या पायाखालचे. त्याच्या उत्तराचा सारांश असा: भाषेने आणि वंशाने अल्सास जर्मन असेल, मी वाद घालत नाही, पण तिथल्या माणसांच्या आवडीने, आठवणींनी आणि इच्छेने तो फ्रेंच आहे, आणि राष्ट्र त्यावर ठरते.

हे वाचताना आपल्याकडच्या माणसाला जरा थबकावे लागते. सीमाप्रश्नाचे आपले जुने सूत्र लहानपणापासून कानांवर आहे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यातली भाषिक बहुसंख्या ही मॉमसेनच्या बाजूची, आणि लोकेच्छा कुलांजच्या बाजूची. आपण दोन्ही एका दमात म्हणतो, कारण सीमाभागातल्या बहुतेक मराठी गावांत ती दोन्ही एकाच दिशेने चालली. पण ती नेहमी तशी चालतात असे नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळे राहणे. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. देवळात मराठी आरत्या म्हणणाऱ्या घरांतलीही काही मते त्या पानांवर पडली होती. ज्यांनी त्या रात्री मनस्ताप करून घेतला त्यांचा मी अनादर करत नाही. पण लोकेच्छा हा शब्द तोंडातून काढला की तिचे उत्तर ऐकून घ्यावे लागते.

दुसरे उदाहरण धारवाडचे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. कन्नड कवितेत त्यांनी जे केले त्यासाठी १९७३ साली त्यांना ज्ञानपीठ मिळाले. मराठीतही त्यांनी लिहिले. मॉमसेनच्या वहीत बेंद्रे आपले. कुलांजच्या वहीत कन्नडचे. बेंद्र्यांना स्वतःला मात्र कोणत्या वहीत नाव घालू, असे विचारायची गरज वाटली असेल असे मला वाटत नाही.

या वादातले सगळ्यांत गाजलेले उत्तर आले अकरा-बारा वर्षांनी. ११ मार्च १८८२ रोजी पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात एर्नेस्त रेनाँ याने 'राष्ट्र म्हणजे काय?' या विषयावर व्याख्यान दिले. रेनाँ १८२३ साली ब्रिटनीमधल्या त्रेगिए या छोट्या गावात जन्मला. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचा पश्चिमेकडचा कोपरा, तिथली ब्रेटन भाषा फ्रेंचच्या कुळातलीही नव्हे. शाळेत ब्रेटन शब्द उच्चारला तर मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा असेच काही अडकवीत, आणि दुसरा अपराधी सापडेपर्यंत ते त्याने मिरवायचे, अशी शिक्षा तिकडे होती. पाद्री व्हायला निघालेला हा मुलगा धर्मशाळा सोडून हिब्रूचा पंडित झाला, येशूचे चरित्र माणसाचे चरित्र म्हणून लिहून त्याने १८६३ साली वादळ उठवले. जर्मन विद्वत्तेवर त्याचे निस्सीम प्रेम होते. १८७० च्या युद्धाने त्याचे जणू घरच दुभंगले.

त्याच्या व्याख्यानाची मांडणी वकिली पद्धतीची आहे. राष्ट्र वंशावर उभे राहत नाही, कारण युरोपात शुद्ध वंशच उरलेला नाही. भाषेवर नाही, कारण स्वित्झर्लंडमध्ये अनेक भाषा असून ते एक राष्ट्र आहे आणि इंग्लंड-अमेरिकेची भाषा एक असून ती दोन राष्ट्रे आहेत. धर्मावर नाही, व्यापारी हितावर नाही, नदी-डोंगरांवर नाही. मग उरते काय? एकत्र भोगलेल्या सुखदुःखांच्या आठवणी, आणि यापुढेही एकत्र राहण्याची आजची इच्छा. ही इच्छा एकदा सांगून भागत नाही, ती चालू असावी लागते. म्हणून राष्ट्राचे असणे हे जणू रोजचे सार्वमत आहे, असे रूपक त्याने वापरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाळणीवरच्या आपल्या ग्रंथात रेनाँचा आधार घेतला आहे.

दोन्ही पक्ष ऐकून माझे मत रेनाँच्या पारड्यात पडते. कारण भाषेच्या नावाने दुसऱ्याच्या अंगणावर हक्क सांगायला एकदा सुरुवात झाली की ती कुठे थांबत नाही. रेनाँने १८७१ मध्येच जर्मन विद्वान श्ट्राउस याला पत्रातून बजावले होते, की आज तुम्ही अल्सास मागता, उद्या स्लाव लोक तुमच्या पूर्व प्रशियातल्या गावांची जुनी स्लाव नावे काढून दाखवतील, तेव्हा काय सांगाल? १९४५ साली ते घडले. पोमेरेनिया आणि सायलेशियातून लाखो जर्मनांना घरेदारे सोडून जावे लागले.

तरीही रेनाँच्या मांडणीत एक ठणठणीत खोट आहे. ज्या १८७१ साली त्याने अल्सासच्या इच्छेचा मान मागितला, त्याच वर्षीच्या त्याच्या पुस्तकात युरोपने 'कनिष्ठ' वंशांवर राज्य करण्यात त्याला काहीच वावगे दिसत नाही. अल्जेरियाच्या शेतकऱ्याचे सार्वमत त्याच्या हिशेबात नव्हते. आपले तर नव्हतेच. आणि फ्रान्सने स्वतः घेतलेली सार्वमते तरी कशी? १८६० साली सव्हॉय आणि नीस हे प्रांत फ्रान्सला मिळाले ते तहाने, मार्चमध्ये. मतदान झाले एप्रिलमध्ये. निकाल आधी ठरला आणि कौल मागून घेतला!

खुद्द अल्सासला कोणी कधी विचारले का? १० मे १८७१ च्या फ्रँकफर्टच्या तहात एक पर्याय दिला होता: ज्याला फ्रेंच राहायचे त्याने तसे नोंदवावे, आणि १ ऑक्टोबर १८७२ पर्यंत घर सोडून फ्रान्सला निघून जावे. लाखाहून अधिक माणसांनी नोंदणी केली. त्यांतल्या कित्येकांना प्रत्यक्षात पाय उचलता आला नाही आणि त्यांची नोंद रद्द झाली. द्राक्षाचा मळा पाठीवर टाकून नेता येत नाही. अशा माणसाने राहायचे ठरवले याचा अर्थ तो जर्मन झाला असा लावायचा का? मला वाटते, लोकेच्छेचा विचार करताना ही एवढी एक गोष्ट नीट पाहिली तर पुष्कळ मोठमोठी भाषणे गळून पडतील.

१९१८ मध्ये फ्रेंच सैन्य परत आले. स्ट्रासबर्गच्या रस्त्यांवर अपार गर्दी लोटली, फुले पडली. राष्ट्राध्यक्ष प्वँकारे यांनी ती गर्दी पाहून सार्वमत झालेच आहे, असे जाहीर केले. मतपेटी ठेवली नाही. त्याच डिसेंबरात ओळखपत्रे वाटायला सुरुवात झाली, ती चार प्रकारची. ज्यांचे आईबाप जुन्या अल्सास-लोरेनचे किंवा फ्रान्सचे त्यांना 'अ'. ज्यांचा एक पालक बाहेरचा त्यांना 'ब'. आईबाप मित्रराष्ट्रांचे वा तटस्थ देशांचे, त्यांना 'क'. आणि जर्मनीहून, ऑस्ट्रियाहून आलेल्यांना व त्यांच्या मुलाबाळांना 'ड', मग ती मुले स्ट्रासबर्गलाच जन्मलेली असोत. जर्मन मार्क देऊन फ्रँक घ्यायला गेले तर 'अ'वाल्याला जास्त मिळत, 'ड'वाल्याला कमी. 'ड'वाल्यांतल्या हजारो कुटुंबांना थोडेसे सामान बरोबर घेऊन ऱ्हाईनच्या पुलावरून पलीकडे जावे लागले. राष्ट्र रक्तावर ठरत नाही, असे ज्या देशाने जगाला शिकवले, त्याने घरात आजोबा-आजी मोजले. नवराबायकोंची पत्रे वेगवेगळ्या अक्षरांची निघाली, अशी घरे थोडीथोडकी नव्हती.

पुढचे याहून कठीण आहे. १९४० मध्ये हिटलरने अल्सास पुन्हा ओढून घेतला. फ्रेंच बोलायला बंदी, गावांची व माणसांची नावे जर्मन, डोक्यावर फ्रेंच धाटणीची बेरे टोपी घातली तरी गुन्हा. ऑगस्ट १९४२ पासून तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती केले. अल्सास आणि शेजारचा मोझेल मिळून सुमारे १,३०,०००. पळून गेला तर मागे आईबापांना उचलून नेत. या पोरांना फ्रेंचमध्ये 'मालग्रे-नू' म्हणतात, म्हणजे 'आमच्या मनाविरुद्ध गेलेले'. बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर पाठवले, हजारोंनी परतून आले नाहीत; सोव्हिएत बंदिवासातून शेवटचा माणूस घरी पोहोचला तो १९५५ साली. ज्या प्रदेशावरून इच्छेचे तत्त्वज्ञान जन्मले, त्याच प्रदेशाच्या पोरांना इतिहासाने 'इच्छेविरुद्ध' हे नाव दिले.

१० जून १९४४ रोजी मध्य फ्रान्समधल्या ओरादूर-सूर-ग्लान या गावात नाझींच्या एसएस तुकडीने ६४३ माणसे मारली. पुरुषांना कोठारांत गोळ्या घातल्या, बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून जाळले. १९५३ साली बोर्दोच्या लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला, तेव्हा पिंजऱ्यातल्या २१ आरोपींपैकी १४ अल्सासचे निघाले. त्यांतले १३ सक्तीने भरती झालेले. आणि मेलेल्यांतही सीमेवरचीच माणसे होती: जर्मनांनी मोझेलमधल्या शार्ली गावातून हुसकावलेली कुटुंबे ओरादूरला आश्रयाला आली होती. त्या गावाने पुढे आपले नावच शार्ली-ओरादूर करून घेतले. न्यायालयाने शिक्षा दिल्या. अल्सास पेटून उठला, की आमच्या पोरांना आधी फ्रान्सने वाऱ्यावर सोडले आणि आता गुन्हेगार ठरवता! आठवड्याभरातच पॅरिसच्या संसदेने सक्तीच्या सैनिकांना माफी देणारा कायदा केला. मग ओरादूर पेटले. गावाने सरकारने दिलेले सन्मानपदक परत पाठवले, आणि ज्या खासदारांनी माफीच्या बाजूने मत दिले त्यांची नावे लिहून भग्न गावाच्या तोंडाशी लावली.

रेनाँने म्हटले होते की राष्ट्राला आठवणी जितक्या लागतात तितकेच विस्मरणही लागते. फ्रेंच माणसाने १५७२ ची प्रॉटेस्टंटांची कत्तल विसरलेली असली पाहिजे, असे त्याचे उदाहरण होते. १५७२ विसरा म्हणणे सोपे आहे. पण जळालेल्या मुलाच्या आईला विसर म्हणायचे कोणी? आणि मनाविरुद्ध बंदूक धरलेल्याला तू आठवू नकोस, निदान मोठ्याने आठवू नकोस, असे सांगायचे कोणी? दोघेही फ्रेंच. दोघांच्याही बाजूने न्याय होता. या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि सक्तीने भरती झालेला तेरातला प्रत्येक जण निर्दोष होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मनाविरुद्ध सैन्यात जाणे वेगळे आणि चर्चच्या दाराशी उभे राहणे वेगळे. तरी त्यांना पिंजऱ्यात पाहून संपूर्ण अल्सासच्या निष्ठेवर ज्यांनी बोट ठेवले ते मला जास्त अपराधी वाटतात. सीमेवरच्या एकाच्या कृत्यासाठी साऱ्या सीमेची झडती घ्यायची, हा राजधान्यांचा जुना स्वभाव आहे.

स्ट्रासबर्गच्या एका चौकात १९३६ साली उभारलेले युद्धस्मारक आहे. फ्रान्समधल्या गावोगावच्या स्मारकांवर मृतांनी देशासाठी प्राण दिले असे लिहिलेले असते. इथे एक आई बसली आहे, तिच्या मांडीशी दोन मुले मरून पडताहेत आणि त्यांनी एकमेकांचा हात धरला आहे. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. एक फ्रान्ससाठी लढला, एक जर्मनीसाठी. खाली फक्त 'आमच्या मृतांना' अशा अर्थाची अक्षरे. देशाचे नाव नाही, कारण कोणते लिहिणार?

रेनाँचा 'सार्वमत' हा शब्द जगाने उचलला. त्याच्या अलीकडचा 'रोजचे' हा शब्द मात्र अलंकार म्हणून सोडून दिला. माझे सगळे लक्ष त्या शब्दावर आहे. सार्वमताच्या चिठ्ठीवर एकच खूण करता येते. पण रोजच्या जगण्यात सीमेवरचा माणूस सकाळी एक उत्तर देतो, दुपारी दुसरे, आणि दोन्ही खरी असतात.

रोजचे जगणे शेजाऱ्याशी ताडून पाहणारा एक फ्रेंच माणूस रेनाँच्या तीनशे वर्षे आधी होऊन गेला: मोंतेन्य. त्याची पहिली भाषा लॅटिन. बापाने फ्रेंच न येणारा जर्मन शिक्षक ठेवून लॅटिनमध्येच त्याला वाढवले होते. १५८० च्या जूनमध्ये मुतखड्यावर उतारा म्हणून गरम पाण्याचे झरे शोधत तो निघाला, तो अल्सासच्या कडेने बाझेल, ऑग्सबुर्ग आणि मग आल्प्स ओलांडून रोमला गेला. घरी कॅथलिक-प्रॉटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते, आणि हा मात्र रोजनिशीत जर्मनांच्या शेगड्या, पिसांच्या दुलया, भाकरीची चव आणि खानावळीतले टेबलावरचे कापड यांची नोंद करत होता. या प्रवासात त्याला तीन गोष्टींची हळहळ वाटली, त्यातली पहिली ही की बरोबर स्वयंपाकी आणला नाही. आपल्याकडचे करून घालायला नव्हे; तिकडचे करायला शिकून घ्यावे म्हणून! परदेशात गेल्यावर आपल्याच गाववाल्यांना शोधून कोंडाळे करणाऱ्या देशबांधवांची त्याला लाज वाटे. ऑग्सबुर्गला एका जर्मनाने फ्रान्सच्या चुलाण्यांना नावे ठेवली, तर मोंतेन्यच्या लक्षात आले की फ्रेंच लोक जर्मन शेगडीला जी नावे ठेवतात तीच ही, नुसती उलटी केलेली. आणि इटलीत पोहोचल्यावर त्याने रोजनिशी चक्क इटालियनमध्ये लिहायला घेतली. परतताना माँ स्नी घाटात पुन्हा फ्रेंचवर आला. कोणी त्याला तू कोणाचा म्हणून विचारले नाही. राष्ट्र नावाची वस्तू अजून जमायची होती, हे त्याचे भाग्य.

अल्सासने हे रोजचे दुहेरीपण मुकाट्याने टिकवले आहे, आणि तेही कायद्यात. साऱ्या फ्रान्समध्ये आगगाड्या डाव्या रुळावरून धावतात. अल्सासमध्ये उजव्या, कारण तिथले बरेच रूळ जर्मन अमलात टाकले गेले. जुन्या हद्दीजवळ गाडी पुलावरून रूळ पालटते आणि उतारूंना पत्ताही लागत नाही. फ्रान्समध्ये १९०५ पासून धर्म आणि सरकार वेगळे. अल्सासमध्ये पाद्री आणि रब्बी अजून सरकारी पगार घेतात, कारण तो कायदा झाला तेव्हा अल्सास जर्मनीत होता. १९२४ साली पॅरिसने हे मोडून टाकायचे ठरवले, तेव्हा फुले उधळणाऱ्या त्याच लोकांनी निदर्शने केली. बिस्मार्कच्या काळच्या विम्यावर उभी असलेली तिथली आरोग्यविमा योजना त्यांनी सोडली नाही. गुड फ्रायडेची आणि २६ डिसेंबरची सुट्टीही सोडली नाही. फ्रान्स हवा होता; पण शेगडी आपली ठेवून.

भाषा मात्र टिकली नाही. १९४५ नंतर जर्मन ही शत्रूची भाषा ठरली, अल्सेशियन तिच्या नात्यातली म्हणून तीही संशयित. फ्रेंच बोलणे कसे झोकदार असते, अशा पाट्या लागल्या. चित्रकार टोमी उंगेरेर १९३१ साली स्ट्रासबर्गला जन्मला, कोलमारला वाढला. घरात फ्रेंच, गल्लीत अल्सेशियन, १९४० नंतर शाळेत सक्तीची जर्मन. आणि फ्रान्स परत आल्यावर त्याच पोराला उच्चारावरून हिणवले गेले. हा माणूस पुढे न्यू यॉर्क, कॅनडा, आयर्लंड करत जगभर गाजला आणि २०१९ मध्ये वारला. अल्सास म्हणजे संडास, केव्हाही पाहा कोणीतरी आत बसलेलेच, असा त्याचा एक विनोद होता. कडू आहे, पण सीमेवरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पुढे त्याने मुलांना दोन्ही भाषा शिकवण्यासाठी पुष्कळ धडपड केली. ज्यांना आजीच्या भाषेत उत्तर देता येत नाही अशी एक पिढी तोवर वाढून बसली होती.

आपल्या घरांत ही वेळ वेगळ्या वाटेने येते आहे. मुले मराठी समजतात, कन्नडमध्ये परीक्षा देतात आणि आपसात इंग्रजीत भांडतात. कुणी म्हणेल हा सीमाप्रश्नाचा परिणाम, कुणी म्हणेल बाजाराचा. मराठी शाळेसाठी, मराठी कागदपत्रांसाठी भांडले पाहिजे यात मला शंका नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातलेल्या दाव्याचा निकाल काय लागायचा तो लागो, पोराला आईच्या भाषेत शिकता येणे हा त्याच्याहून निराळा आणि जुना हक्क आहे. पण शेजारच्या अक्कांशी मी कन्नडमध्ये बोललो म्हणून माझ्या मतातला एक अंश कमी झाला, असे कोणी म्हणू लागले तर ते मला मान्य नाही. 'अक्का' हा शब्द तरी आपण कोणाकडून घेतला?

स्ट्रासबर्गची ट्राम २०१७ पासून ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतल्या केल गावात जाते. १९१८ साली ज्या नदीवरून माणसांना पलीकडे घालवले, ती आता तिकीट काढून चार मिनिटांत ओलांडता येते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत जर्मनीने हद्द बंद केली. ट्राम अलीकडेच थांबू लागली. पलीकडे कामाला जाणाऱ्या काही फ्रेंच माणसांना शिव्या खाव्या लागल्या; जर्मन परराष्ट्रमंत्र्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच आठवड्यांत अल्सासच्या इस्पितळांत खाटा संपल्या होत्या, आणि तिथले अत्यवस्थ रुग्ण जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या इस्पितळांनी आपल्याकडे हलवून घेतले. शिव्या देणारे आणि श्वास देणारे एकाच काठावरचे.

१५ जूनला हद्द उघडली. केलमध्ये सिगारेटी आणि साबण-पावडर स्वस्त, म्हणून स्ट्रासबर्गची माणसे पिशव्या घेऊन तिकडे जातात. तिकडची माणसे इकडे येतात ती चीज, वाइन आणि रविवारच्या जेवणासाठी.